कातडी कुठल्या दिशेला सैल आहे, ते आधी बघा

50 किलो वजन उतरल्यावर पोटावर, पाठीवर आणि छातीच्या कडेला राहिलेली कातडी काढून घ्यायची आहे. एक सर्जन म्हणतात साधी टमी टक (पोटाची कातडी फक्त पुढून कापणं) पुरेल, दुसरे म्हणतात कंबरेभोवती गोल चीर घ्यावी लागेल, आणि आता कोणाचं ऐकावं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मीही या दोन मतांमध्ये तीन महिने अडकले होते. माझं वजन 58 किलोंनी उतरलं होतं आणि शेवटी दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया झाल्या, आधी धडाचा खालचा भाग, आठ महिन्यांनी वरचा. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोघेही बरोबर असू शकतात. एकाने फक्त पोट बघितलं असेल, दुसऱ्याने तुम्हाला पाठमोरं उभं करून बघितलं असेल. घरी आरशासमोर स्वतः तपासा. कंबरेच्या दोन्ही बाजूंची कातडी हातांनी धरून वर ओढा. तसं करताना मांड्यांची बाहेरची बाजू आणि नितंबही वर उचलले जात असतील, तर सैलपणा सगळीकडून आहे आणि फक्त पुढून कापून भागणार नाही. मग बेंबीच्या वर, मधोमध, डावी-उजवीकडची कातडी चिमटीत गोळा करा. जाड घडी हातात आली तर कातडी आडव्या दिशेलाही जास्त आहे. खालच्या आडव्या चिरेतून कातडी फक्त खाली ओढली जाते, घेर कमी होत नाही. हे दोन्ही मला कोणी समजावलं असतं तर ते तीन महिने वाचले असते.

सगळ्यात मर्यादित शस्त्रक्रिया म्हणजे पॅनिक्युलेक्टमी. पोटाची जी झालर मांड्यांवर लोंबते तेवढीच कापून टाकतात. स्नायू आवळत नाहीत, कंबरेला आकार येत नाही. घडीखाली सतत पुरळ, बुरशी, जखमा होत असतील तर तिचा मोठा उपयोग आहे, पण पोट सपाट होईल या आशेने ती करून घेऊ नका. टमी टकमध्ये, म्हणजे ॲब्डोमिनोप्लास्टीत, कंबरेच्या एका बाजूच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत चीर असते, पोटाचे फाकलेले उभे स्नायू मधे आणून शिवतात आणि बेंबीसाठी वरच्या कातडीत नवी जागा करतात. पाठीला आणि कडांना ती हात लावत नाही. वजन खूप उतरलेल्यांमध्ये नंतर ‘पुढून छान, पण बाजूला गाठोडी राहिली’ अशी तक्रार येते ती यामुळेच.

आडवा सैलपणा असेल तर फ्लर-द-लि हा प्रकार बघावा लागतो. नेहमीच्या आडव्या चिरेच्या जोडीला मधोमध उभी चीर घेतात आणि डावी-उजवीकडची कातडी आत ओढून कंबर घडवतात. उभा व्रण कपड्याशिवाय लपत नाही म्हणून बरेच जण ऐकूनच नको म्हणतात. मीही म्हटलं होतं. पण माझ्या पोटावर पित्ताशयाच्या जुन्या उघड्या शस्त्रक्रियेचा तिरका व्रण होता, आणि अशा व्रणाच्या खालच्या कातडीला रक्तपुरवठा कमी मिळू शकतो. त्यामुळे चिरा कुठे आणि किती लांब घ्यायच्या, हे त्या व्रणाने ठरवलं. तुमच्या पोटावर कुठलाही जुना व्रण असेल, अगदी लहानपणीचा, तर तो दोन्ही सर्जनना आवर्जून दाखवा. हर्निया आहे का तेही आधी बघून घ्या. फ्लर-द-लिमध्ये दोन चिरा जिथे मिळतात त्या खालच्या टोकाला जखम भरायला सगळ्यात जास्त त्रास होतो, हे आधी माहीत असलं की तिथे थोडं उघडलं तरी माणूस घाबरत नाही.

गोल चिरेचे दोन प्रकार ऐकाल. बेल्ट लिपेक्टमीत चीर जरा वर असते आणि भर कंबरेवर असतो. लोअर बॉडी लिफ्टमध्ये ती खाली असते आणि नितंब व मांड्यांची बाहेरची बाजू जास्त उचलली जाते. दोन्हींत भुलीखाली तुम्हाला पालथं आणि उताणं असं फिरवावं लागतं, वेळ बराच लागतो. माझी लोअर बॉडी लिफ्ट होती. नंतर पुढचे टाके ताणू नयेत म्हणून वाकून चालायचं, आणि वाकलं की पाठीचे टाके ताणतात. या ओढाताणीत माकडहाडाच्या वरची माझी जखम उघडली आणि भरायला पाच आठवडे लागले.

त्या जखमेचं अर्धं कारण आधीचंच होतं. माझं लोह आणि प्रथिनं कमी होती आणि शस्त्रक्रियेआधी ते नीट तपासलंच गेलं नाही. तुमचं वजन बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी केलेल्या पोटाच्या शस्त्रक्रियेने उतरलं असेल तर हे जास्तच लागू आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), ब-12, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) तपासून घ्या आणि कमी असेल तर तारीख पुढे ढकला. वजन निदान सहा महिने एका जागी स्थिर हवं. बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण 12 ते 18 महिने थांबायला सांगतात. तंबाखू आणि निकोटिन कुठल्याही रूपात नको, आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तितकेच. यात सूट मागू नका, कातडी काळी पडून मरते ती यामुळे. वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना सांगा, कारण त्या इंजेक्शनांमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. मूल व्हायचं असेल तर शस्त्रक्रिया त्यानंतरच.

नुसत्या लायपोसक्शनने हे काम होत नाही. आतली चरबी काढली की रिकामी पिशवी आणखी लोंबते. व्यायामाने स्नायू भरतात, कातडीतले तुटलेले लवचिक तंतू जुळत नाहीत. हे लिहिते कारण मी वर्षभर स्वतःला दोष देत होते की आपण पुरेसा व्यायाम करत नाही.

वरच्या भागासाठी पाठीवरच्या वळ्या ब्राच्या पट्ट्याच्या रेषेत आडव्या कापतात आणि व्रण पट्ट्याखाली जातो. काखेखालून बरगड्यांवर उतरणारी कातडी उभ्या चिरेने काढतात, गरज असेल तर स्तनांच्या किंवा पुरुषांमध्ये छातीच्या शस्त्रक्रियेसोबत. हे सगळं एकाच दिवशी करू नये असं माझं ठाम मत आहे. आधी खालचा भाग, मग तीन ते सहा महिन्यांनी वरचा, कारण खालून ओढल्यावर पाठीचं चित्रच बदलतं. माझ्या पाठीची एक वळी पहिल्याच टप्प्यात जवळजवळ गेली.

बरं होण्याबद्दल थोडं. द्रव काढणाऱ्या नळ्या आठवडा ते तीन आठवडे राहतात. त्या काढल्यावरही कातडीखाली पाणी साचू शकतं, त्याला सीरोमा म्हणतात. ही सगळ्यात नेहमीची अडचण आहे आणि बहुतेक वेळा सुईने काढता येते. दाब देणारा पट्टा आणि जड न उचलणं साधारण सहा आठवडे. बेंबीखाली बधिरपणा महिनोन्‌महिने राहतो, काही ठिकाणी कायमचा. व्रण फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पिंडरीत दुखून सूज आली किंवा अचानक धाप लागली तर फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा. रक्ताची गुठळी हा या शस्त्रक्रियेतला खरा धोका आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात ते त्यासाठीच, तेव्हा रडू आलं तरी चाला.

तुमच्या वर्णनावरून, पाठीवर वळ्या असतील तर मला दुसऱ्या सर्जनचं म्हणणं जास्त पटतं. तरी पहिल्यांकडे परत जा, पाठमोरे उभे राहा आणि विचारा की टमी टकनंतर या वळ्यांचं काय होईल. दोघांनाही तुमच्या अंगावर पेनाने चिरा आखून दाखवायला सांगा, आणि तुमच्याइतकं वजन उतरवलेल्या त्यांच्या रुग्णांचे एक वर्षानंतरचे फोटो मागा, पाठीकडून काढलेले सुद्धा.