टार (फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम) आणि एक्सझेडने (त्या दाबणारा) लिनक्स सिस्टिमचा बॅकअप घ्यायला रात्र जाते. कॉम्प्रेशन बंद केलं तर वेग वाढेल का?

वाढेल, पण पूर्ण बंद करायची बहुधा गरज नाही. तुमचा वेळ खातोय तो एक्सझेड. त्याच्या डिफॉल्ट लेव्हल ६ ला एका कोअरमधून सेकंदाला जेमतेम काही मेगाबाइट डेटा पुढे सरकतो. ५ धरले तर १०० जीबीला साडेपाच तास. त्यात ५.६ च्या आधीच्या आवृत्त्या वेगळं सांगितल्याशिवाय एकच थ्रेड (कामाचा एकच धागा) वापरतात, बाकीचे कोअर रिकामे.

वाचणं, दाबणं आणि लिहिणं या तिन्हींत जे सर्वांत सावकाश चालतं, त्याच वेगाने बॅकअप होतो. म्हणून आधी लिहिण्याची जागा बघा. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. १०० जीबी न दाबता पाठवले तर साधारण १५ मिनिटं. तोच डेटा दाबून निम्मा झाला आणि तुमची डिस्क व प्रोसेसर सेकंदाला २२० एमबी पेलत असतील, तर साडेसात. म्हणजे हलकं कॉम्प्रेशन इथे काहीच कॉम्प्रेशन नसण्यापेक्षा जलद ठरतं. यूएसबी २ च्या डिस्कवर हा फरक आणखी जाणवतो. उलट दोन्ही बाजूंना एनव्हीएमई (अतिजलद एसएसडी) असेल तर प्रोसेसरच अडसर होतो; तिथे एलझेड४ हा हलका, जलद कॉम्प्रेसर वापरा, किंवा खरंच काही दाबू नका.

बाकी बहुतेकांसाठी माझं उत्तर झेडएसटीडी हा कॉम्प्रेसर, लेव्हल १ ते ३. टारच्या कॅपिटल आय पर्यायात अवतरणचिन्हांत झेडएसटीडीचं नाव, लेव्हल आणि कॅपिटल टी शून्य असं लिहिलं की सगळे कोअर कामाला लागतात. नुसता टारचा झेडएसटीडी पर्याय दिला तर मल्टिथ्रेडिंग मिळेलच असं नाही. नेटवर्कचा वेग कमीजास्त होत असेल तर झेडएसटीडीला 'अडॅप्ट' पर्याय द्या, लेव्हल तो स्वतःच बदलत राहतो. लेव्हल १९ ला फाइल आणखी आटते, पण वेळ कित्येक पट लागतो. वर्षानुवर्षं ठेवायच्या प्रतीसाठी ठीक, रोजच्या बॅकअपला नको. उलगडताना लेव्हलचा फारसा फरक पडत नाही आणि झेडएसटीडी एक्सझेडपेक्षा खूप जलद उलगडतो. सिस्टिम कोसळल्यावर हेच कामाला येतं.

बदल करण्याआधी मोजा, पण इथे एक सापळा आहे. आउटपुट थेट डेव्ह-नल (आलेलं सगळं फेकून देणारी फाइल) असेल तर ग्नू टार, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा टार, ते ओळखतो आणि फाइलींमधला मजकूर वाचतच नाही, त्यामुळे आकडे अविश्वसनीय चांगले दिसतात. मध्ये पाइप टाकून कॅट किंवा पीव्ही या कमांडमधून न्या. दुसऱ्या फेरीत डेटा रॅममधूनच येतो, तेव्हा तो साठा रिकामा करायला प्रत्येक वेळी कर्नलच्या ड्रॉप-कॅशेस फाइलमध्ये ३ लिहा. चालू असताना टॉप या कमांडमध्येही (कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवते) बघा: कॉम्प्रेसर एक कोअर १०० टक्के खात असेल तर दोष त्याचा, प्रोसेसर निवांत आणि आयओ-वेट (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) जास्त असेल तर लेव्हल बदलून काहीही मिळणार नाही. फिरत्या डिस्कवर लाखो बारीक फाइली असल्या की हमखास हेच होतं.

सगळ्यात स्वस्त वेग मात्र वगळण्यातून मिळतो. प्रॉक, सिस, डेव्ह, रन, टेम्प, पॅकेजांचा कॅशे, घरच्या फोल्डरातला कॅशे, स्वॅप फाइल, हे सगळं बाहेर ठेवा. टारचा 'वन-फाइल-सिस्टिम' पर्याय दिला की वेगळे माउंटही (जोडलेल्या इतर डिस्क वा पार्टिशन) गळतात (होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर त्याचा बॅकअप स्वतंत्र घ्या, हे लोक विसरतात). फोटो, व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यांची वेगळी न दाबलेली टार केलीत तर प्रोसेसर मोकळा राहतो. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) पाठवत असाल तर त्याचं स्वतःचं कॉम्प्रेशन बंदच असू द्या. दाबलेलं पुन्हा दाबण्यात फक्त वेळ जातो.

पाइप वापरलात तर बॅश स्क्रिप्टमध्ये पाइपफेल ही सेटिंग लावा, नाहीतर टार मध्येच पडला तरी स्क्रिप्ट यशस्वी म्हणेल. टारने संपताना १ हा कोड परत दिला तर बहुधा वाचताना एखादी फाइल बदलली. २ म्हणजे खरी चूक. एसीएल आणि एक्सअ‍ॅट्रिब्यूट (फाइलींच्या जादा परवानग्या आणि जादा माहिती) साठवायला व परत काढायला दोन्हीकडे पर्याय द्यावे लागतात. उलगडताना 'एक्सअ‍ॅटर्स-इन्क्लूड' ला सर्व असं सांगितलं नाही तर पिंगसारख्या प्रोग्रामांना दिलेल्या कॅपॅबिलिटी (खास अधिकार) परत येत नाहीत. शेवटी झेडएसटीडीच्या टेस्ट पर्यायाने आर्काइव्ह तपासा, वेळ थोडाच लागतो.