कर्नलची मल्टिथ्रेडेड टेस्ट ६४ थ्रेड लावूनही बग पकडत नाही, काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. स्वतः लिहिलेला छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आहे, क्यूईमूत (सॉफ्टवेअरने बनवलेल्या खोट्या मशीनमध्ये) चार कोअर देऊन चालवताय, फोर्क, पाइप, मेमरी वगैरेच्या सिंगल थ्रेड टेस्ट सगळ्या पास, मग ६४ थ्रेड (कामाचे स्वतंत्र चालणारे धागे) सोडणारी एक टेस्ट लिहिली, ती वीस वेळा पास झाली आणि एकविसाव्या वेळी कर्नल जागच्या जागी गप्प. वर थ्रेड वाढवले की काम वाढायच्या ऐवजी कमीच होतंय. आणि आता विचारताय की २५६ थ्रेड लावू का. नका लावू.

पहिली गोष्ट, तुम्ही एकाच टेस्टला दोन कामांना जुंपलंय. रेस (थ्रेडच्या कामांचा क्रम नको तसा जुळला की होणारा बग) पकडायची टेस्ट वेगळी आणि कोअर वाढल्यावर कर्नल किती पेलतो ते मोजायची टेस्ट वेगळी. पहिलीत होईल तेवढा गोंधळ हवा असतो, दुसरीत गोंधळ अजिबात चालत नाही. दोन्ही एकत्र केल्या की धड एकही होत नाही, हे मी स्वतः करून बसलोय म्हणून सांगतो.

आधी रेसचं. चार कोअरवर ६४ थ्रेड म्हणजे एका वेळी चारच पळतात, बाकीचे ६० रांगेत उभे, म्हणजे टेस्ट झाली ती मुख्यतः शेड्युलरची, कुठला थ्रेड कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या भागाची. २००८ साली मायएसक्यूएल, अपाची, मोझिला आणि ओपनऑफिसमधले १०५ खरे कन्करन्सी बग तपासले गेले होते, त्यातले ९६ टक्के फक्त दोन थ्रेडचा क्रम विशिष्ट प्रकारे जुळवला की दिसत होते. दोन! ते कर्नल नव्हते हे खरं, पण कर्नलमध्येही तसंच दिसतं. लिनक्समधला डर्टी काउ नावाचा बग घ्या. एक थ्रेड एम-ॲडव्हाइज हा कॉल करून मेमरीचं पान टाकून देत राहतो, दुसरा त्याच पत्त्यावर प्रॉक-सेल्फ-मेममधून (प्रोसेसची स्वतःची मेमरी फाइलसारखी दाखवणारी जागा) लिहीत राहतो, संपलं. तो बग २००७ च्या २.६.२२ पासून होता आणि दुरुस्त झाला ऑक्टोबर २०१६ मध्ये. नऊ वर्षांत जगभरच्या मशीनवर थ्रेडची काय कमी होती का? नेमक्या त्या दोन कॉलची गाठ नेमक्या त्या क्षणी कोणी मुद्दाम घालून बघत नव्हतं, एवढंच.

म्हणून जोड्या लावा. तुमचे सिस्टम कॉल (प्रोग्राम कर्नलकडे काम मागतो ते) लिहून काढा आणि एकाच वस्तूला हात लावणारे दोन दोन निवडा. एक थ्रेड फाइल वाचतोय आणि दुसरा तोच डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) बंद करतोय, एक मेमरीचा मॅप काढून टाकतोय आणि दुसऱ्याला तिथेच पेज फॉल्ट (हवं ते पान जागेवर नाही) येतोय, एक प्रोसेस संपतेय आणि दुसरी तिला किल पाठवतेय, अशा. सगळ्या जोड्या करत बसायची गरज नाही, ज्यात एक बाजू काहीतरी फ्री करते त्या आधी घ्या, माझ्या अनुभवात सगळ्यात घाण बग तिथेच असतात.

आता दोघांना एका वेळी सोडायचं कसं, इथे बरेच जण फसतात. बॅरियर (सगळे जमेपर्यंत थ्रेडना थांबवणारी जागा) झोप-आणि-उठव पद्धतीचा असेल तर कर्नल थ्रेड एकेक करून उठवतो, दुसरा डोळे चोळत उठेपर्यंत पहिल्याचं काम उरकलेलं असतं. त्यामुळे टेस्ट पास होते पण रेस झालेलीच नसते. स्पिन बॅरियर वापरा, एक ॲटॉमिक काउंटर आणि सगळे त्याच्याकडे बघत गरगर फिरतायत, थ्रेड कोअरपेक्षा जास्त नकोत आणि प्रत्येकाला आपापल्या कोअरवर बांधून ठेवा. मग एका बाजूला शून्य ते काहीशे फेऱ्यांचा रिकामा लूप, फेऱ्यांची संख्या दर वेळी रँडम. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमध्ये फझी सिंक नावाची लायब्ररी आहे, ती दोन्ही बाजूंना किती वेळ लागतो ते मोजून हे अंतर आपोआप सरकवत नेते, म्हणजे दोन्ही नाजूक जागा एकमेकांवर याव्यात. तिचा कोड जरूर वाचा, फार मोठा नाहीये.

याहून स्वस्त आणि जास्त कामाची युक्ती म्हणजे खिडकीच मोठी करा. डीबग बिल्डमध्ये लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) सोडल्या सोडल्या, आणि तपासणं व वापरणं याच्या मध्ये, कर्नलमध्येच रँडम डीले टाका, अधूनमधून यील्ड पण करा, म्हणजे कोअर दुसऱ्या थ्रेडला द्या (हातात स्पिनलॉक, म्हणजे बाकीच्यांना जागीच फिरत वाट बघायला लावणारं लॉक, नसताना, नाहीतर नवीनच हँग पैदा कराल). काही नॅनोसेकंदांची फट काही मायक्रोसेकंदांची होते आणि आठवडाभर लपलेला बग चहा पिऊन येईपर्यंत सापडतो. रँडमचं सीड (सुरुवातीचा आकडा) मात्र छापून ठेवा. सीडने अगदी तोच क्रम परत मिळेल असं नाही पण डीलेचा नमुना तरी तोच मिळतो.

आणि टेस्टच्या लूपमध्ये प्रिंट अजिबात नको. मी एकदा रेफरन्स काउंटचा (एखादी वस्तू किती जण वापरतायत त्या मोजणीचा) बग शोधायला दर फेरीला एक ओळ छापायला लावली आणि बग गायब, ओळ काढली की परत हजर. कन्सोलचं लॉक सगळ्या कोअरना रांगेत उभं करत होतं, दुसरं काही नाही. तेव्हापासून प्रत्येक कोअरचा वेगळा रिंग बफर (भरला की जुन्या नोंदीवर लिहीत जाणारा), त्यात लिहायचं आणि छापायचं ते सगळं संपल्यावर.

पास म्हणजे काय हे पण ठरवा. "क्रॅश झाला नाही" याला पास म्हणत नाहीत. मोकळी पानं आधी जेवढी होती तेवढीच नंतर आहेत का, पाइपमध्ये टाकलेला प्रत्येक बाइट एकदाच आणि क्रमाने बाहेर आला का, असं काहीतरी तपासा. आणि लॉकचा क्रम तपासणारं यंत्र आधी बनवा, बाकी सगळं मागून. लिनक्समध्ये लॉकडेप २००६ पासून आहे, कल्पना सोपी आहे, कुठलं लॉक हातात असताना कुठलं घेतलं याची नोंद ठेवायची, कधी अ नंतर ब घेतलं आणि कधी ब नंतर अ घेतलं की लगेच बोंब मारायची, प्रत्यक्ष डेडलॉक (दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकणं) झालेला नसला तरी. याला टायमिंग लागत नाही, सिंगल थ्रेड टेस्टमध्ये सुद्धा हे सापडतं!

तुमच्या वीस पासचा हिशोब सांगतो. समजा बग दर वीस फेऱ्यांत सरासरी एकदा येतो, म्हणजे ५ टक्के. मग काहीच दुरुस्त न करता सुद्धा सलग वीस पास मिळायची शक्यता साधारण ३६ टक्के आहे. दुरुस्तीनंतर ९५ टक्के खात्री हवी असेल तर सलग ५९ पास लागतात, ९९ टक्के हवी असेल तर ९०. त्यापेक्षा दुर्मिळ बग असेल तर आकडा त्याच पटीत वाढतो, म्हणूनच आधी बगचं प्रमाण वाढवायचं आणि मग दुरुस्ती तपासायची.

क्यूईमूबद्दल एक. केव्हीएम (खरा प्रोसेसर थेट वापरायची सोय) नसेल आणि टीसीजी (क्यूईमूचा सूचना भाषांतर करून चालवणारा भाग) सिंगल थ्रेडवर चालत असेल तर तुमचे चारही कोअर होस्टच्या (क्यूईमू ज्यावर चालतंय त्या खऱ्या मशीनच्या) एकाच थ्रेडवर आळीपाळीने चालतायत, खरं एकाच वेळी काहीच होत नाहीये. मल्टिथ्रेड टीसीजी २०१७ च्या २.९ पासून आहे, ते चालू आहे ना बघा. आणि कर्नल रिस्क-फाइव्ह किंवा आर्म प्रोसेसरसाठी असेल पण होस्ट एक्स-८६ असेल, तर विसरलेले मेमरी बॅरियर (मेमरीच्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम राखणाऱ्या सूचना) बरेचसे झाकले जातात कारण एक्स-८६ त्या क्रमाची फारशी उलटापालट करतच नाही. ते खऱ्या बोर्डवरच उघडे पडतात.

आता स्केलिंग, म्हणजे कोअर वाढल्यावर काम किती वाढतं ते. क्यूईमूच्या टीसीजीवर ते मोजूच नका, त्या आकड्यांना अर्थ नाही. केव्हीएमवर मोजत असाल तर गेस्टचे (आतल्या खोट्या मशीनचे) कोअर होस्टच्या कोअरपेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर लॉक धरलेला कोअरच होस्ट बाजूला काढतो आणि बाकीचे नुसते फिरत बसतात. थ्रेड १, २, ४ असे कोअरच्या संख्येपर्यंतच वाढवा, काम ठरवून वेळ मोजण्यापेक्षा वेळ ठरवून (मी १० सेकंद घेतो) काम मोजा, पहिला एक सेकंद फेकून द्या. आणि खुद्द टेस्टमध्ये थ्रेडचं काहीच सामायिक नको. मी प्रत्येक थ्रेडचा काउंटर एका ॲरेत शेजारी शेजारी ठेवला होता, आठ बाइटचे आठ काउंटर, एक्स-८६ वर ६४ बाइटच्या एकाच कॅश लाइनमध्ये (प्रोसेसर मेमरीचा एकदम उचलतो तो तुकडा) सगळे मावले आणि ती लाइन कोअर कोअर हिंडत राहिली. दोन दिवस मेमरी अलोकेटरला शिव्या घातल्या, दोष माझ्या टेस्टचा. दोन काउंटरमध्ये ६४ बाइट अंतर टाकल्यावर आलेख सरळ वर गेला.

विल-इट-स्केल नावाची टेस्ट आहे, ती तेच काम एकदा वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये आणि एकदा एकाच प्रोसेसच्या थ्रेडमध्ये करते. ही आयडिया उचलाच. प्रोसेस वाढतात पण थ्रेड अडकतात असं दिसलं तर दोष सामायिक ॲड्रेस स्पेस नाहीतर फाइल टेबलचा, दोन्ही अडकले तर कुठलंतरी ग्लोबल लॉक. यातही एक गंमत आहे, पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टीमचं मानक) म्हणतं की ओपनने सगळ्यात लहान मोकळा डिस्क्रिप्टरच द्यायचा, त्यामुळे एकाच प्रोसेसचे दोन थ्रेड ओपन करणार म्हणजे टक्कर होणारच. तिथे इंटरफेसच तसा आहे, कर्नलला बोल लावून उपयोग नाही.

काम नुसतं थांबत नाही तर कमी होतं, याचं कारण बहुतेक तुमचा साधा स्पिनलॉक. वाट बघणारे सगळे एकाच लाइनवर डोळा ठेवून, लॉक सुटलं की सगळ्यांचा हल्ला, जितके जास्त तितका उशीर. पण म्हणून लगेच मोठं लॉक फोडायला घेऊ नका. लिनक्समध्ये एकाहून जास्त प्रोसेसरचा आधार १९९६ च्या २.० मध्ये आला आणि बिग कर्नल लॉक (अख्ख्या कर्नलला एकच मोठं लॉक) पूर्ण गेलं ते २०११ च्या २.६.३९ मध्ये, म्हणजे तुम्हाला पण वेळ आहे.

सध्या तो हँग परत आला की मशीन बंद करू नका. जीडीबी हा डीबगर जोडा, क्यूईमूचा प्रत्येक कोअर त्यात एक थ्रेड म्हणून दिसतो, चारही कोअरचे बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे पोचला ती यादी) काढा. दोन कोअर एकमेकांचं लॉक मागत बसले असतील तर वरचं क्रमाचं यंत्र लावा. पण एकच कोअर इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरची हाक आली की मध्येच चालणारा कोड) शिरून स्वतःच धरलेल्या लॉकवर फिरत असेल, तर तुमच्या ६४ थ्रेडचा त्यात काही संबंधच नाही, ते लॉक घेताना इंटरप्ट बंद करायचे राहिलेत. बॅकट्रेस इथे टाका, बघतो.