व्हेटर्नरी करून गिधाडांच्या प्रजनन केंद्रात करिअर करावं का? सर म्हणतात पिंजऱ्यात पिल्लं काढून काही होत नाही, निसर्ग आपलं आपण बघून घेतो

तुमच्या सरांचं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. ह्या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. उत्तर लांबेल, करिअरचं शेवटी सांगते.

आधी माझं. पदवी झाल्यावर मी पाच-सहा वर्षं गुरांची प्रॅक्टिस केली. कास सुजली, गाय लंगडते, बैल ताप धरून बसलाय, काहीही असो, बॅगेत डायक्लोफिनॅक हे दुखणं-सूज कमी करणारं औषध असायचंच. स्वस्त औषध, संध्याकाळी टोचलं की सकाळी जनावर उठून वैरणीला तोंड लावायचं आणि शेतकरी खूश. काही जनावरं तरीही मरायची, मग ती गावाबाहेर ओढून टाकायचे आणि पुढचं काम गिधाडांचं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरचा ओक्स आणि सहकाऱ्यांचा पेपर नेचर ह्या विज्ञानाच्या मासिकात आला. मेलेली गिधाडं उघडली तर आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर, किडन्या संपलेल्या, आणि त्या किडन्यांत डायक्लोफिनॅक. मी तो पेपर वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. किती जनावरांना शेवटच्या दोन दिवसांत टोचलं होतं ते आठवत बसले होते.

आणि ह्याला प्रत्येक ढोरात औषध असावं लागत नाही. शंभर मढ्यांमागे एकापेक्षाही कमी मढ्यात औषध असलं तरी गिधाडं ज्या वेगाने गेली त्याचा हिशोब लागतो, कारण एका मढ्यावर पन्नास-पन्नास पक्षी उतरतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत हजारात एक उरली. राजस्थानात भरतपूरला पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांनी ही घट आधी टिपली तेव्हा कारणसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. आता सांगा, ह्यात निसर्गाने काय बघून घ्यायचं? गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू अंडी द्यायच्या वयाला यायला पाचेक वर्षं. ह्या हिशोबाने हजारातल्या एकाचे परत हजार व्हायला किती पिढ्या लागतील ते तुमच्या सरांनाच विचारा.

नंतर मी एका प्रजनन केंद्रात लागले, कुठल्या ते सांगत नाही. पिंजरा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर पोपटाचा पिंजरा येतो, तसलं काही नसतं. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातले कॉलनीचे, म्हणजे बरेच पक्षी एकत्र ठेवायचे पिंजरे शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद आणि वीस फूट उंच आहेत, आत पक्षी उडतो, जोडी स्वतः निवडतो. बकऱ्या जिवंत आणून आठवडाभर तरी ठेवायच्या, अंगात औषध असेल तर निघून जावं म्हणून, मगच खायला द्यायच्या. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे रक्ताचा थेंब काढून डीएनए करावा लागतो. हे सगळं शिकता येतं. अवघड भाग अंड्यांचा. पहिलं अंडं लवकर काढून इन्क्युबेटरमध्ये घेतलं तर बऱ्याच जोड्या त्याच मोसमात दुसरं घालतात, म्हणजे वर्षाला एकाऐवजी दोन पिल्लांची शक्यता. ह्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप. पण मग त्या पहिल्या अंड्याचे आईबाप आपण.

पहिल्याच मोसमात माझ्याकडे सात अंडी होती. रोज वजन करायचं (अंड्यातलं पाणी उडून वजन ठराविक वेगाने कमी व्हायला लागतं, जास्त उडालं तर पिल्लू वाळतं आणि कमी उडालं तर पाणी धरून फुगतं), कॅन्डलिंग करून, म्हणजे अंड्यामागे दिवा धरून, आतल्या रक्तवाहिन्या बघायच्या, वेळच्या वेळी फिरवायचं. गिधाडाचं अंडं पन्नास दिवसांच्या वर उबवावं लागतं, तेवढ्या दिवसांत प्रत्येक अंडं ओळखीचं होतं. पाच नंबरच्या अंड्यातलं पिल्लू उलटं होतं, डोकं निमुळत्या टोकाकडे, हवेची पोकळी दुसऱ्या टोकाला. आतून टकटक ऐकू यायची, कान लावला तर बारीक चिरका आवाज पण यायचा. चोचीने कवचाला तडा गेला तो चुकीच्या टोकाला. मी म्हटलं उघडूया. आमचे सीनियर सर म्हणाले थांबा, हात लावू नका, जे स्वतःच्या जोरावर बाहेर येत नाही ते जगायच्या लायकीचं नसतं, निसर्गाला त्याचं काम करू द्या. मी नवीन होते, गप्प बसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टकटक कमी होत गेली आणि संध्याकाळी थांबली. मीच ते अंडं उघडलं. पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं, पिवळ्याची पिशवी जवळजवळ पोटात गेलेली, मानेवर ओला राखाडी कापूस, चोचीच्या टोकावरचा कवच फोडायचा तो पांढरा दात झिजलेला. कमजोर वगैरे काही नव्हतं हो ते, फक्त उलटं होतं.

पुढच्या मोसमात तसंच अंडं परत आलं. सर गावाला गेले होते, रात्री दीड वाजता मी आणि एक अटेंडंट दादा दोघंच. ह्या वेळी कुणाला विचारलं नाही. हात स्वच्छ, चिमटा उकळलेला, कोमट सलाइन. आधी तड्याजवळचा कवचाचा नखाएवढा तुकडा काढला म्हणजे श्वास मिळेल, मग आतला पडदा सलाइनने ओला केला, ओला झाला की तो काचेसारखा होतो आणि रक्तवाहिन्या दिसतात. अजून लाल आणि भरलेल्या होत्या. म्हणजे थांबायचं, इथे घाई केली तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. पाऊण तासाने परत ओलं केलं, परत बघितलं, एक तुकडा काढला, परत थांबले. दादा टॉर्च धरून उभे, मधूनमधून विचारायचे मॅडम हललं का. पहाटे पाचच्या सुमारास वाहिन्या फिक्या पडल्या, मग डोकं मोकळं केलं आणि उरलेलं कवच त्याने स्वतः लाथ मारून उडवलं. बेंबीला आयोडीन लावलं, ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबदार पेटीत ठेवलं आणि मी तिथेच फरशीवर बसून रडले.

सर आल्यावर चिडले. म्हणाले अशी पिल्लं वाढवून तुम्ही कमजोर रक्त पुढच्या पिढीत घालताय. मुद्दा अगदीच फालतू नाही हे मान्य करते. लागोपाठ अनेक अंड्यांना मदत लागत असेल तर दोष इन्क्युबेटरचा, खाण्याचा किंवा जवळच्या नात्यातल्या जोडीचा असू शकतो आणि तो शोधायलाच हवा. पण दोन मोसमांत दोन उलटी पिल्लं म्हणजे रक्त कमजोर हे कशावरून ठरवलं? ते पिल्लू आम्ही पडद्याआडून भरवलं, माणूस त्याला दिसू दिला नाही, मग कॉलनीत सोडलं. डीएनएत मादी निघाली. सहाव्या वर्षी तिने घातलेल्या अंड्यातलं पिल्लू सरळ होतं, कुणीही हात न लावता बाहेर आलं. तोवर सर रिटायर झाले होते, त्यांना कळवलं होतं, उत्तर आलं नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया कॉन्डोरचं उदाहरण तुमच्या सरांना द्या. १९८७ मध्ये जगात फक्त २७ पक्षी उरले होते, जंगलातले होते नव्हते तेवढे पकडून आणले, तेव्हाही लोक म्हणालेच की सन्मानाने मरू द्या. पहिलं अंडं काढायचं, हातात कॉन्डोरच्या डोक्याचं पपेट घालून भरवायचं, हे सगळं तिथे केलं. आज पाचशेच्या वर आहेत आणि निम्म्याहून जास्त मोकळे उडतात. आपल्याकडे पिंजोरला वाढलेली पांढऱ्या पाठीची आठ गिधाडं २०२० मध्ये सोडली. माळढोकाचं तर २०२४ मध्ये जैसलमेरला कृत्रिम रेतनातून पिल्लू झालं.

आता दुसरी बाजू. नुसती पिल्लं काढून खरंच काही होत नाही, एवढ्यापुरतं तुमच्या सरांचं बरोबर आहे. बाहेर औषध तेच असेल तर आपण पाच वर्षं वाढवलेला पक्षी एका जेवणात जातो. कॉन्डोरलासुद्धा शिकारीतल्या शिशाच्या गोळ्या अजून मारतायत. जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ ला बंद झालं, मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरायला लागले म्हणून २०१५ ला तीन मिलीच्या वर बाटली नको असा नियम आला. असिक्लोफिनॅक हे तसलंच दुसरं औषध गुराच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं, ते आणि किटोप्रोफेन बंद व्हायला २०२३ उजाडलं. त्यांच्या जागी वापरायचं मेलोक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, टॉल्फेनॅमिक अ‍ॅसिडही, गुरांना लागू पडतं, मी स्वतः वापरलंय. तेव्हा तुम्ही गिधाडांकडे वळला नाहीत आणि गुरांचीच प्रॅक्टिस केलीत तरी बॅगेत काय ठेवता त्यावर बरंच अवलंबून आहे.

करिअरचं विचारलंत ते राहिलंच. जागा मोजक्या, बऱ्याच प्रोजेक्टवरच्या, कॉन्ट्रॅक्ट संपलं की परत शोधाशोध, घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. नागपूरच्या विद्यापीठाचं गोरेवाड्याचं वन्यजीव केंद्र, बरेलीची पशुवैद्यक संशोधन संस्था आयव्हीआरआय, हैदराबादची दुर्मिळ प्राण्यांवर काम करणारी प्रयोगशाळा लॅकोन्स, ह्या ठिकाणी पुढचं शिक्षण किंवा रिसर्च बघा. मी फक्त पक्ष्यांत काम केलंय, वाघ-बिबट्यांचं मला विचारू नका. आणि आत्ता कॉलेजात आहात तोवर पोल्ट्री डिपार्टमेंटच्या हॅचरीत जाऊन बसा, बाकीची मुलं टाळतात तिथे जायला. शेवटच्या दिवशी न फुटलेली अंडी तिथे फेकून देतात, ती परवानगी घेऊन उघडा आणि पिल्लू आत कसं बसलंय ते प्रत्येक वेळी वहीत काढा. दोनशे अंडी तरी उघडा. मी उघडली नव्हती, म्हणून त्या पहिल्या वर्षी सरांसमोर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.