फायटरचे पान आणि फायटरचे बळ

प्रश्न : आम्ही पाच जण दोन वर्षांपासून दर रविवारी गंगापूर रोडवरील एका मित्राच्या घरी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर खेळायच्या भूमिकाखेळाची पाचवी आवृत्ती (२०१४) खेळतो आणि मी सुरुवातीपासून फायटर, म्हणजे लढवय्याचे पात्र, घेतो. अलीकडे मामेभावाने मला त्याचे दुसऱ्या आवृत्तीचे, १९८९ चे पुस्तक दिले. त्यात फायटरविषयी जेमतेम काही परिच्छेद आहेत. माझ्या पुस्तकात मात्र पानेच्या पाने आहेत. तरीही खरा फायटर त्याच आवृत्तीत होता, असे मामेभाऊ ठामपणे सांगतो. आवृत्त्यांमधील क्लासची, म्हणजे पात्राच्या व्यवसायाची, तुलना नेमकी कशी करावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मामेभावाचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. ते पटत नाही, याचे कारण आपण फायटरचे पान पुस्तकातून वेगळे काढून वाचत आहात. क्लासचे बळ त्याच्या पानावर जेवढे लिहिलेले असते, तेवढेच ते इतर प्रकरणांत आणि इतर क्लासवर घातलेल्या बंधनांत दडलेले असते.

१९७४ च्या मूळ खेळात फायटिंग-मॅन (पुढचा फायटर), मॅजिक-युझर (जादूगार) आणि क्लेरिक (धर्मगुरू) असे तीनच क्लास होते. थीफ (चोर) पुढच्या वर्षी पुरवणीतून आला. त्या काळापासून दुसऱ्या आवृत्तीपर्यंत फायटरला विशेष क्षमता थोड्याच मिळाल्या, पण त्याची राखण तीन ठिकाणी होत असे. पहिले ठिकाण अनुभवगुणांचा तक्ता. दुसऱ्या आवृत्तीत दुसरी पातळी गाठायला थीफला १,२५० गुण लागत, फायटरला २,०००, तर जादूगाराला २,५००. दुसरे ठिकाण सेव्हिंग थ्रोचा, म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाचा, तक्ता, आणि माझ्या मते सर्वांत कमी वाचले जाणारे पान हेच. सतराव्या पातळीच्या फायटरला मंत्रापासून वाचण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर ६ किंवा अधिक पडले तरी पुरे, म्हणजे चारपैकी तीन वेळा तो वाचणार. आणि समोरचा जादूगार कितीही थोर असला, तरी त्याच्या थोरवीने हा आकडा वाढत नसे.

तिसरे ठिकाण मला एका जुन्या खेळातून आजही डोळ्यांसमोर दिसते. कॉलेज रोडवरील खोलीत दुसऱ्या आवृत्तीचा डाव रंगला होता. आमच्या जादूगाराने अग्निगोलाचा मंत्र जाहीर केला आणि सहा बाजूंचे फासे मोजून ओंजळीत घेतले. त्याची पाळी येण्याआधीच एका गॉब्लिनचा बाण लागला. इजा अवघी एका हिट पॉइंटची (जीवगुणाची), पण मंत्र तुटला, वाया गेला आणि त्याने मुकाट्याने फासे पुन्हा डब्यात ठेवले. पुढच्या फेरीपासून माझा फायटर त्याच्यासमोर ढाल धरून उभा राहिला. ते काम कोणत्याही क्षमतेच्या यादीत नव्हते, तरी त्याच्यावाचून जादूगाराचे काही चालत नव्हते.

आता २००० ची तिसरी आवृत्ती पाहावी. तिने फायटरला वीस पातळ्यांत अकरा जादा फीट (निवडून घ्यायच्या खास करामती) दिली, म्हणजे पान भरले; पण तिन्ही राखणी एकाच वेळी निघून गेल्या. अनुभवगुणांचा तक्ता सर्वांना एकच झाला. मंत्र टाळण्याचा आकडा जादूगाराच्या बुद्धिमत्तेनुसार आणि मंत्राच्या पातळीनुसार चढू लागला, आणि मनावर घाला घालणाऱ्या मंत्रांपुढे फायटर कायमचा कच्चा राहिला. शत्रू अंगाशी भिडलेला असतानाही कौशल्याच्या एका फाशावर जादूगार सुखरूप मंत्र टाकू लागला. फायटर दुबळा झाला तो त्याच्या पानावरच्या कोणत्याही वाक्यामुळे नव्हे, आणि म्हणूनच पानाशेजारी पान ठेवून केलेली तुलना फसते.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने सर्व क्लासना कधीही, चकमकीत एकदा आणि दिवसातून एकदा वापरायच्या शक्ती असा एकच साचा दिला. त्यामुळे क्लास एकसुरी झाले ही तक्रार मला मान्य आहे. परंतु शत्रूवर खूण करून त्याला आपल्याकडे अडकवून ठेवणे हे ढालीचे काम फायटरच्या स्वतःच्या पानावर प्रथम तिनेच स्पष्ट शब्दांत लिहिले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

आपल्या पाचव्या आवृत्तीत जुन्या राखणी अर्ध्यामुर्ध्या परतल्या आहेत. एकाग्रता लागणारा मंत्र जादूगाराला एका वेळी एकच धरता येतो आणि इजा झाली की तो टिकवण्यासाठी फासा टाकावा लागतो. फायटरला नवव्या पातळीला फसलेला सेव्हिंग थ्रो पुन्हा टाकता येतो. परतली नाही ती गढी. दुसऱ्या आवृत्तीत नवव्या पातळीचा फायटर स्वतःची गढी बांधून शिबंदी बाळगू शके. आजच्या फायटरच्या पानावर अशी एकही ओळ नाही, आणि ही उणीव मला फार मोठी वाटते.

एक गोष्ट आपल्या रविवारच्या डावासाठी. पाचव्या आवृत्तीतील तोल दोन दीर्घ विश्रांतींच्या मधल्या दिवसावर बेतलेला आहे. त्या दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी होतील, असे डीएमसाठीच्या (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या) पुस्तकात धरलेले आहे. आपण एका बैठकीत एकच लढाई करून रात्रीची झोप घेत असाल, तर जादूगार सगळे मंत्र एकाच लढाईत उधळतो आणि आपला फायटर नुसता बघत राहतो. बैठक संपली तरी खेळातला दिवस संपवू नये. तो पुढच्या रविवारी तसाच चालू ठेवण्याविषयी डीएमशी बोलावे.

प्रश्न : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या बेसिक पुस्तकात एल्फ हा वंश असताना तो क्लासच कसा काय?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : त्या पुस्तकात एल्फ, ड्वॉर्फ आणि हाफलिंग हे तिन्ही क्लासच होते, वंश निवडला की व्यवसायही ठरला. एल्फ चिलखत घालून लढतही असे आणि मॅजिक-युझरचे मंत्रही टाकत असे, म्हणजे दोन क्लास एकाच अंगात. त्याची किंमतही तशीच होती : दुसऱ्या पातळीसाठी फायटरच्या दुप्पट, म्हणजे ४,००० अनुभवगुण, आणि दहाव्या पातळीनंतर वाट बंद.