धक्क्याने हृदय खरंच कमजोर होतं का? सासूबाईंच्या रिपोर्टबद्दल आलेला प्रश्न

एका ताईंनी विचारलंय की सासूबाई भारतातून इकडे परदेशात आमच्याकडे राहायला आलेल्या, फोनवर त्यांचा भाऊ गेल्याचं कळलं आणि तासाभरात छातीत दुखायला लागलं, दम लागला. हॉस्पिटलमध्ये ईसीजी बिघडलेला, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं, म्हणून लगेच अँजिओग्राफी केली, तर ब्लॉकेज एकही नाही! पण इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग कमी. डॉक्टर म्हणतात स्ट्रेसमुळे झालंय, आणि घरातले म्हणतायत म्हणजे काहीच नव्हतं, उगाच घाबरल्या.

तर आधी हे क्लिअर करू. काहीच नव्हतं असं अजिबात नाही. रिपोर्टवर बहुतेक ताकोत्सुबो कार्डिओमायोपॅथी किंवा स्ट्रेस कार्डिओमायोपॅथी लिहिलेलं असेल. जपानी डॉक्टरांनी 1990 च्या सुमारास याचं पहिल्यांदा वर्णन केलं. होतं काय, की मोठा धक्का बसला की शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारखी हार्मोन्स एकदम प्रचंड वाढतात, हृदयाच्या स्नायूला तो मारा सोसत नाही आणि डाव्या कप्प्याचं टोक आकुंचन पावायचं जवळजवळ थांबतं, वरचा भाग मात्र जोरात काम करत राहतो, त्यामुळे टोक फुग्यासारखं फुगतं. स्नायू मेलेला नसतो, सुन्न झालेला असतो. म्हणूनच बहुतेकांचं पंपिंग काही आठवड्यांत नॉर्मलवर येतं. पण सुरुवातीचे दिवस खरंच धोक्याचे असतात हां, बीपी कोसळू शकतं, ठोके बिघडू शकतात, आत गुठळी होऊ शकते, क्वचित जीवही जातो. मॉनिटरवर ठेवतात ते उगाच नाही.

आणि यात बायकाच जास्त, दहातल्या साधारण नऊ, त्यातही पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या. म्हणजे नेमक्या आपल्या आया आणि सासवा, ज्यांचं छातीत दुखणं घरात सगळ्यात आधी गॅस नाहीतर टेन्शनच्या खात्यात टाकलं जातं.

घरी बसून हा हार्ट अ‍ॅटॅक आहे का स्ट्रेसचं आहे हे कोणालाच ओळखता येत नाही, डॉक्टरांनासुद्धा बहुतेक वेळा अँजिओ केल्यावरच कळतं. त्यामुळे दहा मिनिटं पडून बघा, पाणी प्या, असलं काही करत बसू नका. 911, 999, 112, 000, तुमच्या देशात जो नंबर असेल तो लावा, आणि आईबाबा दिवसभर घरी एकटे असतात तर तो त्यांनाही लावता आला पाहिजे. सासऱ्यांची छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आहे ना घरात, ती देऊ नका. या आजारात काही पेशंटना तिने बीपी आणखी पडून त्रास वाढतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते. डॉक्टर विचारतात, गेल्या एकदोन दिवसांत काही झालं का, आणि आपण काय सांगतो? नाही नाही, सगळं छान आहे. घरात कडाक्याचं भांडण झालेलं असतं, तिकडे इस्टेटीवरून फोनाफोनी चाललेली असते, पण परक्या माणसासमोर घरातलं कशाला काढा! त्यात मधे दुभाषा म्हणून मुलगाच उभा, मग आई तरी काय बोलणार त्याच्यासमोर. हॉस्पिटलकडे इंटरप्रिटर मागा, बऱ्याच ठिकाणी फोनवर मिळतो, आणि पाच मिनिटं खोलीबाहेर थांबा. डॉक्टरांना ती माहिती निदानासाठी हवी असते, न्याय करायला नाही.

याची दुसरी बाजू पण आहे. निदान कळलं की लगेच तुझ्यामुळे झालं सुरू होतं, बहुतेक वेळा सुनेवर. कृपा करून हे करू नका. कित्येक पेशंटमध्ये मानसिक धक्का नसतोच, इन्फेक्शन, ऑपरेशन, दम्याचा अ‍ॅटॅक अशी शारीरिक कारणं असतात, काहींमध्ये तर कारणच सापडत नाही. अगदी आनंदाच्या प्रसंगानेही झाल्याच्या केसेस आहेत, दुर्मिळ, पण आहेत.

म्हणून आता यापुढे त्यांना काही सांगायचंच नाही असं ठरवू नका. माझं मत विचाराल तर लपवाछपवी वाईट, कारण ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून कशीही पोचतेच आणि तेव्हा त्या एकट्या असतात. कोणीतरी शेजारी बसून सांगा. त्याने आजार टळेल अशी गॅरंटी नाही, पण त्रास झालाच तर जवळ माणूस असेल.

आता घरी आल्यावरचं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, काही आठवड्यांनी परत इको होईल तो चुकवायचा नाही, आणि परतीचं विमान कार्डिओलॉजिस्टने हो म्हटल्यावरच. थोड्या जणांना हे परतही होतं, त्यामुळे पुढे कधीही छातीत दुखलं तर मागच्या वेळचंच असेल म्हणून घरी थांबायचं नाही. डिस्चार्ज समरी, अँजिओचा रिपोर्ट आणि दोन्ही इको त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या, प्रिंटही द्या, नाहीतर तिकडचे डॉक्टर जुना ईसीजी बघून हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलाय असं लिहितील आणि पुढची सगळी ट्रीटमेंट त्याच अंदाजाने चालेल.