खोल्यांमागची भेग

प्रश्न : म्हैसमाळच्या पायथ्याशी आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. चार खोल्यांसाठी मागचा डोंगर अडीच मीटर उभा कापला. गेल्या पावसाळ्यात कापाच्या वर लांब भेग पडली. दगडी भिंत बांधली तर भागेल का?
— एक वाचक, खुलताबाद तालुका

उत्तर : नुसत्या भिंतीने भागणार नाही. आधी पाण्याला वाट द्या. आपला काळा खडक कणखर दिसतो, पण त्याच्या सांध्यांत पाणी मुरतं, मधला मुरूम नि लाल मातीचा थर भिजून लिबलिबीत होतो आणि वरचे धोंडे सुटतात. 2021च्या ऑगस्टअखेर कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली, ती अतिवृष्टीतच.

भेग चिकणमातीने ठासून बुजवा, वर ताडपत्री घाला. भेगेच्या वरच्या अंगाला दोन-तीन मीटरवर आडवा चर काढा, शंभर फुटांना एक फूट उतार देऊन पाणी बाजूच्या ओढ्यात सोडा. इथे एक चूक हमखास होते. पाणलोटाच्या कामाची सवय असल्याने लोक सलग समतल चर खोदतात. तो पाणी जिरवण्यासाठी असतो. शेतावर तो वरदान, पण कापलेल्या डोंगराच्या डोक्यावर तेच पाणी भेगेत उतरतं. म्हणून हा चर उताराचा आणि आतून सिमेंटचा हवा.

मग भिंत. तळाची रुंदी उंचीच्या निम्मी तरी ठेवा. मागचं पाणी निघून जायला भिंतीत दर दीड मीटरला 75 मिमीचा पाइप, बाहेरच्या बाजूला उतरता. मागे फूटभर जाडीची खडी. खडी आणि मातीमध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), नाहीतर गाळाने पाइप तुंबतात. भरावाला काळी माती अजिबात नको. ती भिजली की फुगते आणि भिंतच ढकलते. मुरूम वापरा. भेग पडलेली असल्याने आराखडा मात्र स्थापत्य अभियंत्याकडूनच करून घ्या.

भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून पावसाळ्यात रोज अंतर मोजा. ते वाढलं, किंवा पाइपातून गढूळ पाणी आलं, की पर्यटकांना लगेच दुसरीकडे हलवा. पाऊस थांबला तरी त्या रात्री तिथे कुणाला झोपवू नका.

प्रश्न : पठारावर पर्यटक असताना वीज कडाडली तर?

उत्तर : वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला, तर सगळ्यांना पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत बसवा. एकटं झाड आणि उघडी पत्र्याची शेड टाळा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नका. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप आधीच मोबाइलवर घेऊन ठेवा.