विंडोज ७ वर ऑफिस २०१९ का बसत नाही?

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकात विंडोज ७ आहे. ऑफिस २०१९ इन्स्टॉल करताना दर वेळी एरर येते. रॅम वाढवू का?

उत्तर : थांबा, रॅमवर खर्च करू नका! ऑफिस २०१९ ला विंडोज १० लागतेच. वडिलांच्या संगणकावर मीही दोन संध्याकाळी फायली पुसून जागा करत बसले होते, म्हणून कळकळीने सांगते. त्याऐवजी लिब्रे ऑफिस ७.६ घ्या; वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारे हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याची २५.८ पासूनची आवृत्ती मात्र विंडोज ७ वर चालणार नाही. आधी ‘कम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे ‘सर्व्हिस पॅक १’ (विंडोज ७ चा मोठा एकत्रित अपडेट) दिसायला हवा, आणि तिथेच विंडोज ३२ बिट असल्याचे दिसले तर लिब्रे ऑफिसची ३२ बिटचीच फाइल उतरवा. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले. बँकेचे व्यवहार त्यावर नकोत.